झटका मशीनची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर लोडवर तपासा

शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या, बॅटरीवरच्या झटका मशीनची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. नवी बॅटरी टाकली, काही दिवस कुंपण व्यवस्थित चाललं, मग पहाटेपहाटे मशीनची टिकटिक मंदावू लागली आणि एका रात्री रानडुकरं हरभऱ्यात शिरली. दुकानदार सांगतो, बॅटरी गेली. बॅटरी बदलली जाते. एक हंगाम जात नाही तोच पुन्हा तेच. मध्ये कोणी चार्जर तपासायला नेतो, तर तिथं मल्टिमीटरवर १३.८ व्होल्ट दिसतात, लाल दिवा लागतो आणि ‘चार्जर ओके’ म्हणून तो परत येतो.

बॅटरी न जोडता, दुकानातल्या चांगल्या लाइनवर मोजलेल्या त्या १३.८ वरून चार्जरबद्दल फारसं काही कळत नाही. लोड, म्हणजे करंट ओढणारी बॅटरी किंवा बल्ब, नसताना जवळजवळ मेलेला चार्जरही १३.८ दाखवतो. तो शेतातल्या लाइनवर, बॅटरी अर्धी रिकामी असताना किती अँपिअर देतो, हे बघायचं असतं. खालची सगळी तपासणी त्यासाठीच आहे.

इथं धरलेला चार्जर म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, त्याची लाट सपाट करणारा एक मोठा कपॅसिटर आणि व्होल्टेज ठरावीक ठेवणारा आयसी, म्हणजे एलएम३१७ हा रेग्युलेटर. बॅटरी १२ व्होल्टची सीलबंद लेड-अॅसिड, ७ ते २६ अँपिअर-अवरपर्यंत. फवारणी पंपाचे जुने चार्जर, गेटची मोटर, इमर्जन्सी लाइट यांतही थोड्याफार फरकानं हीच मांडणी असते, त्यामुळे पद्धत तीच चालते. लिथियम बॅटरीला यातलं काही लावू नका.

आधी बॅटरीचा निकाल लावा

बॅटरी सगळ्यातून सोडवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.७ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. पूर्ण वेळ चार्ज करूनही १०.५-१०.६ वर अडकली असेल तर आतला एक सेल शॉर्ट आहे. अशी बॅटरी चार्जरलाही घेऊन जाते: ती कधीच भरत नाही, त्यामुळे चार्जर दिवसभर पूर्ण करंट देत राहतो आणि ट्रान्सफॉर्मर तापत राहतो. त्यावर नवी बॅटरी लावली, तरी तोवर अर्धा भाजलेला चार्जर तिला नीट भरत नाही. ‘पुन्हा पुन्हा’चं एक मूळ इथं आहे.

व्होल्टेज ठीक दिसलं तरी गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावून बघा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. पाच-दहा मिनिटांत बॅटरी ११ च्या खाली घसरली तर आत सल्फेट धरलेलं आहे. बाजू फुगलेली असेल तर मोजण्याचीही गरज नाही, ती ओव्हरचार्ज झालेली आहे. मात्र चार्जर तपासल्याशिवाय नवी आणू नका, कारण फुगवणारा अजून घरातच बसलेला आहे.

हात घालण्याआधी

डबा उघडण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. गावाकडच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलमध्ये टाकलेलं हमखास सापडतं, म्हणजे बटण बंद असूनही ट्रान्सफॉर्मरवर फेज उभा असतो. कपॅसिटरमधला चार्ज एखाद्या १०० ओहमच्या रेझिस्टरनं उतरवा, स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नको. कुंपणाची तार आणि मशीन दोन्ही सोडवून बाजूला ठेवा.

एक सिरीज बोर्ड हवाच: होल्डरमध्ये फिलामेंटचा साधा बल्ब आणि त्याच्याशी मालिकेत एक सॉकेट. ६० आणि १०० वॅटचे दोन्ही बल्ब जवळ ठेवा. हल्ली ते शोधावे लागतात, पण एलईडी बल्बनं हे काम होत नाही. शिवाय १० ओहम ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या. हा बल्ब १३.८ व्होल्टवर पाऊण ते एक अँपिअर घेतो आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो.

ट्रान्सफॉर्मर

प्लग काढलेला असताना ओहममध्ये मोजा. ३० ते ५० व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी, म्हणजे लाइनकडचं वाइंडिंग, काही दहा ओहमपासून शंभराच्या आसपासपर्यंत दाखवतं. सेकंडरी, म्हणजे ब्रिजकडचं वाइंडिंग, एक ओहमच्याही खाली असतं, म्हणून आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून तारांचा ओहम बघा आणि तो वजा करा. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. पुन्हा भरलेल्या ट्रान्सफॉर्मरला ज्याच्या हाती जी तार आली ती लावलेली असते.

प्रायमरी ओपन दाखवत असेल तर लगेच भंगारात टाकू नका. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये पिवळ्या टेपखाली, वाइंडिंगला चिकटून थर्मल फ्यूज असतो. तो एकदा उडाला की उडाला, थंड झाला म्हणून जुळत नाही. त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा नवा बसवता येतो, पण सोल्डर करताना पाय पक्कडीत धरा, नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेनंच नवाही उडतो. फ्यूजच्या जागी नुसती तार जोडणं हा रिपेअर नव्हे. आणि तो मुळात का उडाला याचं उत्तर मिळेपर्यंत काम संपलेलं नाही.

ओहममध्ये शॉर्ट झालेले वेढे सापडत नाहीत. हजार-दोन हजार वेढ्यांतले दहा एकमेकांना चिकटले तर मीटरला फरक कळतच नाही. त्यासाठी सिरीज बोर्ड. सेकंडरीच्या दोन्ही तारा ब्रिजपासून सोडवा, त्या एकमेकींना लागणार नाहीत अशा ठेवा आणि प्रायमरी ६० वॅटच्या बल्बमधून जोडा. चांगला ट्रान्सफॉर्मर असेल तर फिलामेंट पेटणार नाही, फार तर काळपट लाल दिसेल. बल्ब ठळक पेटला तर वेढे शॉर्ट आहेत. पुढं काही मोजायची गरज नाही.

हीच परीक्षा ब्रिजसाठीही उपयोगी पडते. सगळं जोडलेलं असताना बल्ब ठळक पेटतो आणि सेकंडरी सोडवली की विझतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष आहे आणि शॉर्ट पुढं ब्रिजमध्ये किंवा कपॅसिटरमध्ये आहे. एवढ्या कामात पुष्कळ ट्रान्सफॉर्मर भंगारातून वाचतात.

आता बल्ब काढून सरळ लाइनवर लावा. प्रायमरीवर किती व्होल्ट आहेत आणि सेकंडरीवर किती, दोन्ही एका पाठोपाठ मोजा. समजा लाइन २१२ आहे आणि सेकंडरी १५.६ दाखवते. १५.६ ला २३० नं गुणून २१२ नं भागा, येतात १६.९. ट्रान्सफॉर्मरवर १५ लिहिलेलं असेल तर हे बरोबर आहे, कारण छापलेले व्होल्ट पूर्ण लोडवरचे असतात आणि छोटा ट्रान्सफॉर्मर मोकळा असताना दहा-पंधरा टक्के जास्तच देतो. मग सेकंडरीवर तो १० ओहमचा रेझिस्टर लावा, दीड अँपिअर वाहील. १७ वरून १५ च्या आसपास आला तर ठीक. १२-१३ पर्यंत कोसळला तर ट्रान्सफॉर्मर लहान आहे, मग लेबलवर काहीही छापलेलं असो.

लहान म्हणजे काय, याचा हिशेब बहुतेक ठिकाणी चुकतो. ब्रिजच्या पुढं मोठा कपॅसिटर असला की करंट सलग वाहत नाही, लहरीच्या टोकावर तेवढा झटक्यानं ओढला जातो. त्यामुळे १ अँपिअर डीसी हवा असेल तर सेकंडरीतून १.६ ते १.८ अँपिअर जातो. म्हणजे ‘१ अँपिअर’चा ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्षात ०.६ अँपिअर डीसीपुरताच. बाजारातल्या स्वस्त चार्जरमध्ये १ अँपिअरच्या चार्जिंगला १ अँपिअरचाच ट्रान्सफॉर्मर बसवलेला आढळतो. तो तापतो, तारेवरचं इनॅमल जळतं, वेढे शॉर्ट होतात आणि मग ‘लाइटच्या झटक्यानं गेला’ असं म्हणून लाइनच्या नावानं बोटं मोडली जातात.

शेवटी इन्सुलेशन. इतर चार्जरमध्ये ही तपासणी टाळली जाते, इथं टाळू नका. या बॅटरीला जोडलेलं मशीन पुढं उघड्या तारेला जोडलेलं आहे. प्रायमरी आणि सेकंडरीमधलं इन्सुलेशन फाटलं तर लाइनचे २३० व्होल्ट शेताच्या कुंपणापर्यंत पोचू शकतात. झटका मशीन सेकंदाला साधारण एक, तोही क्षणभराचा झटका देतं, म्हणून जनावर दचकून मागं फिरतं. लाइनचा करंट असा सुटून जात नाही, तो माणूस मारतो. तारेत थेट लाइन सोडणं हा गुन्हा आहेच. खराब ट्रान्सफॉर्मरमुळे तेच नकळत घडू नये.

५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टवर इन्सुलेशन मोजणारं मीटर, घ्या. एकदा प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये, एकदा प्रायमरी आणि लोखंडी पट्ट्यांमध्ये मोजा. मल्टिमीटरचा मेगाओहम इथं चालत नाही, तो फार कमी व्होल्टवर मोजतो. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला शंभर मेगाओहमच्या वरचा आकडा सहज येतो. पावसाळ्यात खोपीत पडून राहिलेला ट्रान्सफॉर्मर कमी दाखवतो. त्याला दिवसभर उन्हात किंवा १०० वॅटच्या बल्बच्या उबेत वाळवा आणि पुन्हा मोजा. तरीही दहा-वीस मेगाओहमच्या खालीच राहिला तर या कामासाठी तो बाद. आणि ट्रान्सफॉर्मरशिवायचा, नुसत्या कपॅसिटरवर चालणारा चार्जर असल्या बॅटरीला कधीही लावू नका.

ब्रिज आणि कपॅसिटर

हे पटकन होतं. डायोड रेंजवर प्रत्येक डायोड एका दिशेनं ०.५ ते ०.७ दाखवेल, उलट दिशेनं काही नाही. एक डायोड ओपन असेल तरी चार्जर ‘चालतो’. फक्त अर्धी लहर वापरली जाते, कपॅसिटरवरचं व्होल्टेज लोडवर खचतं आणि ट्रान्सफॉर्मरमधून एकाच दिशेचा करंट गेल्यामुळे तो गुणगुणतो आणि गरम होतो. ‘ट्रान्सफॉर्मर आवाज करतो’ अशी तक्रार आली की आधी ब्रिज बघा.

कपॅसिटरची परीक्षा लोडवर. बल्ब जोडलेला असताना त्याच्यावर मीटर एसीमध्ये लावा. एक व्होल्टचा एसी म्हणजे टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेतीन व्होल्टची लाट. ते पिवळे स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसी लावला की दुपटीहून मोठा भलताच आकडा दाखवतात. पिनेला मालिकेत एक मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा कपॅसिटर लावला की आकडा ताळ्यावर येतो. १ अँपिअर करंटला २२०० मायक्रोफॅरडवर तीन-साडेतीन व्होल्टची लाट उरते, ४७०० वर दीडच्या थोडी वर. कपॅसिटर डोक्यावर फुगलेला असेल किंवा खाली तपकिरी डाग असेल तर मोजत न बसता बदला.

रेग्युलेटर

एलएम३१७ ची छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडचा अॅडजस्ट, मधला आउटपुट, उजवीकडचा इनपुट. मागचा धातूचा पत्राही आउटपुटच असतो. तो हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश लागतं. चकती फाटली आणि हीटसिंक लोखंडी डब्याला टेकली की आउटपुट डब्यावर येतं. ‘उघडा ठेवला तर चालतो, डबा बंद केला की बंद पडतो’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच.

एलएम३१७ चांगला की वाईट हे एका मोजणीत कळतं. बल्बचा लोड लावून आउटपुट आणि अॅडजस्ट या दोन पायांमध्ये मोजा. १.२ ते १.३ च्या दरम्यान, म्हणजे १.२५ च्या आसपास असेल तर आयसी नियंत्रण करतो आहे आणि दोष असेलच तर बाहेरच्या रेझिस्टरमध्ये. १.२५ पेक्षा बरंच कमी असेल तर तीन शक्यता: इनपुट अपुरं, आयसी तापून स्वतःला आवरतोय, किंवा लोड फार जास्त असल्यामुळे आयसीची स्वतःची आतली करंट मर्यादा लागलीय. इनपुट भरपूर, हीटसिंक थंड, करंट कमी आणि तरीही १.२५ नाही, तर आयसी बदला. इनपुट आणि आउटपुट सारखंच दिसलं तर तो आरपार शॉर्ट आहे. अशा चार्जरला बॅटरी क्षणभरही लावू नका.

करंट ठरावीक हद्दीबाहेर जाऊ न देणारं करंट लिमिट म्हणजे सहसा बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर आणि अर्ध्या-पाऊण ओहमचा जाड रेझिस्टर. त्या रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट पडले की ट्रान्झिस्टर चालू होतो, म्हणजे ०.५६ ओहमला मर्यादा १.१ अँपिअरच्या आसपास. हा रेझिस्टर काळा पडून किंमत वाढलेला सापडतो. मग मर्यादा नकळत ०.३ अँपिअरवर येते आणि बॅटरी उपाशी राहते.

बॅटरी फुगवणारा मात्र बहुतेक वेळा आयसी नसतो, प्रीसेट असतो. व्होल्टेज लावण्याचा तो निळा किंवा पांढरा छोटा पॉट. धूळ, दमट हवा, मुंग्या, यांनी त्याची आतली पट्टी मधूनच सुटते. तो अॅडजस्टपासून निगेटिव्हला जोडलेला असेल आणि सुटला, तर आउटपुट थेट इनपुटच्या जवळ जातं आणि बॅटरीवर १६-१७ व्होल्ट चढतात. पुन्हा टेकला की सगळं पूर्ववत. मीटर लावलं तेव्हा बरोबर दाखवतो, म्हणून हा दोष सापडत नाही. प्रीसेट काढा आणि पक्के रेझिस्टर टाका.

वरचा (आउटपुट ते अॅडजस्ट) रेझिस्टर २४० ओहमचा असेल तर खालचा (अॅडजस्ट ते निगेटिव्ह) २.२ किलोओहम आणि त्याच्याशी मालिकेत २७० ओहम टाका. आउटपुटला १४.२ च्या आसपास येईल आणि पुढच्या डायोडचे ०.६-०.७ वजा जाऊन बॅटरीवर साडेतेरा-१३.६. दिवसभर लाइन असणाऱ्या ठिकाणी हे योग्य. उन्हाळ्यात विदर्भातली दुपार धरली तर १३.८ नको, कारण कंपनीचा तो आकडा २५ अंशांचा असतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशाला साधारण १८ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. ४२ अंशांना १३.८ चे १३.५ होतात. शेतीच्या फीडरवर मात्र आठ तासच लाइन मिळत असेल तर १३.६ वर बॅटरी पूर्ण भरत नाही. तिथं २७० च्या जागी ३९० टाका, बॅटरीवर १४.२ च्या आसपास मिळतील. आठ तासांनी लाइन आपोआप जाणार असल्यामुळे ओव्हरचार्जची भीती कमी. हा माझा कल आहे. बॅटरी सावलीत नसेल तर तोही सोडा आणि १३.६ वरच थांबा.

आउटपुटच्या पुढं डायोड आहे ना, तेही बघा. १एन५४०८ चालतो. लाइट गेल्यावरही चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटलेला दिसला तर डायोड नाही किंवा शॉर्ट आहे, आणि बॅटरी उलट दिशेनं रेग्युलेटरमधून त्या दिव्यालाच पोसते आहे. शेतकरी समजतो चार्जिंग चालू आहे. आयसीही त्यानं हळूहळू मरतो.

शेतातल्या लाइनवर काय होतं

आता मूळ मुद्दा. रब्बीत थ्री फेज आली की डीपीवरचे (शिवारातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळ्या पंपांचे ऑटो स्टार्टर एकदम ओढतात आणि २३० चे १८० होतात. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, आयसी सगळं निर्दोष असलेला चार्जरही तिथं नापास होतो.

हिशेब करून बघा. बॅटरीवर १३.६ हवेत. डायोडचे ०.७, करंट लिमिटच्या रेझिस्टरचे ०.६ आणि एलएम३१७ ला स्वतःसाठी २ व्होल्ट लागतात. म्हणजे कपॅसिटरवरच्या लाटेचा तळ १६.९, धरा १७ च्या वर राहिला पाहिजे. सेकंडरी लोडवर १५ असेल तर लहरीचं टोक २१.२. ब्रिजचे २ गेले, १९.२ उरले. कपॅसिटर ४७०० चा असेल तर तळ १७.६, जेमतेम पास. २२०० चा असेल तर २३० व्होल्टवरसुद्धा तळ १६ च्या खाली. आता लाइन १८० करा: सेकंडरी ११.७, टोक १६.६, ब्रिजनंतर १४.६, आणि तळ १३. एक अँपिअर विसरा.

पण करंट शून्यही होत नाही. थोडाच करंट वाहू लागला की ट्रान्सफॉर्मर सावरतो, लाट लहान होते आणि पाव अँपिअरच्या आसपास काहीतरी झिरपत राहतं. दिवा पेटलेलाच असतो. बॅटरी काढून मोजलं तर १३.६. म्हणून चार्जर दर वेळी सुटतो आणि बॅटरी अडकते.

त्या पाव अँपिअरनं काय होतं? मशीन रात्री सरासरी किती घेतं ते मीटर मालिकेत लावून बघा (१० अँपिअरच्या भोकात, आणि काम झालं की पिन लगेच परत व्होल्टच्या भोकात). आकडा नाचेल, मधला धरा. समजा ०.२ अँपिअर आहे. बारा तासांत २.४ अँपिअर-अवर गेले, परत भरायला वीस टक्के जास्त धरून २.९ लागतात. पाव अँपिअरनं साडेअकरा तास हवेत, लाइन आठ तास. रोज थोडी तूट, रोज बॅटरी थोडी खाली, आणि अर्धवट भरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीत सल्फेट धरतंच. नवी बॅटरी काही आठवड्यांत का बसते, त्याचं उत्तर हे.

दुकानात हे तपासायला डिमरस्टॅट, म्हणजे लाइनचं व्होल्टेज कमी-जास्त करता येणारं यंत्र, सर्वांत चांगलं. चार्जरला लोड लावा, लाइन २३० वरून हळूहळू १८० पर्यंत उतरवा आणि आउटपुट कुठं कोसळू लागतं ते बघा. डिमरस्टॅट नसेल तर सिरीज बोर्डच वापरा: ३० वॅटच्या चार्जरला मालिकेत १०० वॅटचा बल्ब लावला तर प्रायमरीवर साधारण २०० मिळतात, ६० वॅटचा लावला तर १६५ च्या आसपास. प्रायमरीवर मीटर ठेवून खात्री करा. हा अंदाज आहे, पक्की मोजणी नव्हे, पण चार्जर काठावर आहे की नाही ते कळतं. आणि शक्य असेल तर थेट शेतावर, पंप चालू असताना, बॅटरी निम्मी उतरलेली असताना करंट मोजा. त्यापुढं बाकी सगळं दुय्यम.

मग बदलायचं काय

सोपा उपाय म्हणजे १८ व्होल्ट २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि ४७०० चा कपॅसिटर. १८० लाइनवर तळ १६.३ येतो, म्हणजे पूर्ण अँपिअर नाही तरी पाऊण अँपिअरपर्यंत काम चालतं. पण याची किंमत रात्री मोजावी लागते. पंप बंद झाले की तीच लाइन २५० होते. तेव्हा मोकळ्या चार्जरच्या कपॅसिटरवर ३० व्होल्ट चढतात, म्हणून २५ व्होल्टचा जुना कपॅसिटर ठेवला तर तो फुटेल. ५० व्होल्टचा घ्या. एलएम३१७ वरही दहा-बारा वॅटची उष्णता येते, त्यामुळे तळहाताएवढी पंखांची हीटसिंक लागेल आणि डब्याला वर-खाली भोकं. त्या भोकांना बारीक जाळी लावा, नाहीतर पाल आत जाऊन बसते आणि पुढच्या वेळी दोष तिचाच निघतो.

दुसरा उपाय: एलएम३१७ काढून त्याजागी करंट आणि व्होल्ट दोन्ही लावता येणारं बक मॉड्यूल, म्हणजे वेगानं चालू-बंद होत डीसी व्होल्टेज उतरवणारं तयार सर्किट. ते कमी तापतं आणि १८ च्या ट्रान्सफॉर्मरबरोबर छान जुळतं. मॉड्यूलवर छापलेल्या अँपिअरच्या निम्म्यावर समाधान माना. त्यावरचे प्रीसेट लावून झाले की नेलपॉलिशच्या थेंबानं पक्के करा.

तिसरा, ९० ते २७० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस चार्जर, म्हणजे जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरऐवजी वेगानं चालू-बंद होणाऱ्या सर्किटवरचा. कागदावर सगळ्यात उत्तम, लाइन १८० असो की २५०, त्याला फरक पडत नाही. तरी शेतात मी तो सुचवताना कचरतो. लांब ओव्हरहेड लाइन, विजांचा जून, डीपीवर न्यूट्रल सुटणं, यात एसएमपीएस पटकन जातो आणि बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मर बराच मार खातो. गावठाणात, घरातल्या बोर्डावर चार्जिंग होत असेल तर एसएमपीएस बिनधास्त घ्या.

चार्जर बदलण्याआधी क्रोकोडाइल क्लिप मात्र बघून घ्या. चार्जिंग चालू असताना चार्जरच्या टोकाला आणि बॅटरीच्या टर्मिनलला वेगवेगळं मोजा. दोघांत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा क्लिपवर हिरवा-पांढरा थर बसलेला आहे. घासून, लग लावून, नटानं आवळा.

मशीनचा अर्थिंगचा रॉड घराच्या किंवा बोर्डाच्या अर्थिंगला जोडलेला असेल तर तो सोडवा. दोन्हींमध्ये किमान १० मीटर अंतर हवं. एकच रॉड असला की कुंपणावर पडलेल्या विजेची लाट चार्जरमधून वाट काढते आणि पहिला बळी एलएम३१७ चा जातो. पावसाळ्यात त्याच चार्जरचा आयसी वरचेवर जात असेल, तर नवा आयसी सोल्डर करण्याआधी शेतावर जाऊन हा रॉड कुठं ठोकलाय ते बघा.